तिजोरीच्या राखणदाराला परवाना, आजाऱ्याच्या सेवेला काहीच नाही!

बँकेच्या दाराशी उभा राहणारा पहारेकरी पुरवायचा असेल तर त्या एजन्सीला सरकारचा परवाना लागतो. खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा २००५ साली झाला. त्या कायद्याने पहारेकऱ्याची पोलीस पडताळणी बंधनकारक केली, त्याला प्रशिक्षण देणे बंधनकारक केले. पण अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवणारी, त्याच्या नाकातल्या नळीतून पेज देणारी, लघवीची पिशवी रिकामी करणारी बाई पुरवायची असेल, तर एक मोबाईल आणि वर्तमानपत्रातली दोन ओळींची जाहिरात पुरते. तिजोरीपेक्षा माणूस स्वस्त समजणाऱ्या व्यवस्थेकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची?

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या प्रश्नाच्या मधोमध उभे आहेत. इथली शिकलेली पोरे पुण्या-मुंबईला गेली, काही अमेरिकेला गेली. मागे उरले म्हातारे आईबाप आणि मोठी घरे. मिरज हे तर दवाखान्यांचे गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचा रोगी मिरजेला येतो. आता दवाखाने रोग्याला लवकर घरी पाठवतात आणि उरलेली शुश्रूषा घरी होते. सांगलीच्या विश्रामबागेत, साताऱ्याच्या सदर बझारात, कऱ्हाडात ही शुश्रूषा कोण करते? जत, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या आणि शहराच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या बाया करतात. त्यात आपल्या वस्तीतल्या आयाबहिणी किती, हे मोजायला सरकार आलेले नाही. आपल्याला मात्र ते मोजायची गरज नाही, संध्याकाळी सहाच्या सुमारास वस्तीतून कोण कोण ड्यूटीला निघते ते पाहिले की कळते.

या कामाला कौशल्य लागत नाही, हा पहिला खोटा समज. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच केली नाही तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या वर धरली की लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो. इन्सुलिनचा डोस चुकला तर रोगी रात्रीतच बेशुद्ध पडतो. हे सारे शिकावे लागते. एएनएम, जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. पण एजन्सी नर्स म्हणून जिला पाठवते, ती अनेकदा चार दिवस दुसऱ्या बाईच्या हाताखाली राहिलेली असते. इंजेक्शन देण्याचा तिला अधिकार नाही, तरी घरचे लोक द्यायला लावतात. काही वाईट घडले की एजन्सी म्हणते, बाई आमची नोकर नाही, आम्ही फक्त गाठ घालून देतो. घरचे म्हणतात, आम्ही एजन्सीला पैसे मोजले. मधल्या मध्ये सापडते ती बाई.

तिच्या स्वतःच्या सुरक्षिततेचे काय? सत्तर किलोच्या माणसाला एकटीने उचलून कंबर मोडली तर भरपाई नाही. वापरलेली सुई बोटात घुसली तर हिपॅटायटिस बी होऊ शकतो. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्याला त्याची तीन डोसांची लस मिळते, हिला ती कोणी टोचत नाही. चोवीस तासांची ड्यूटी या शब्दाची तर लाजच वाटली पाहिजे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ मध्ये कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कारखान्याच्या फाटकात आलेला तो कायदा घराच्या उंबऱ्यावर मात्र अडला.

आणि उंबरा म्हटला की जात आली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात महाराच्या पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच साथीत गेल्या. ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला त्या शिवल्या. आज उलटे चित्र आहे. ज्यांचा स्पर्श विटाळ मानला गेला त्यांच्याच हातांनी आता सवर्णांचे मलमूत्र उचलले जाते, पण दारात आडनाव विचारले जाते आणि चहाचा कप वेगळा ठेवला जातो. २०१७ मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाकीणबाईने जात लपवली म्हणून चक्क पोलिसांत तक्रार केली होती. मग आमच्या बायका आडनाव बदलून काम करतात, गळ्यातली बाबासाहेबांची लॉकेटे काढून ठेवतात. त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी त्यांच्या घरची चूल पाहावी. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितले की, चार भिंतींच्या आत, बाहेरचा साक्षीदार नसताना झालेली जातिवाचक शिवीगाळ अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातल्या सार्वजनिक ठिकाणच्या अपमानाच्या कलमात बसत नाही. जिची कामाची जागाच चार भिंतींची, तिने साक्षीदार आणायचा कुठून?

सरकारला हे कळत नाही असे नाही. ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी, किमान दर्जा, प्रशिक्षित आणि प्रमाणित माणसेच नेमण्याची सक्ती, हे सारे त्यात होते. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला आणि २०२४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर विधेयकही संपले. त्यावर संसदेत कोणाचा आवाज चढला नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो मदतवाटपाचा कायदा आहे. मजुरी, तास आणि प्रशिक्षण यांबद्दल तो बोलत नाही. २०२१ च्या टाळेबंदीत नोंदलेल्या घरकामगारांना १५०० रुपये जाहीर झाले, तेव्हा आपली नोंदच नाही हे किती बायांना कळले! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी कायद्याची चौकट असावी का, हे तपासायला समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. समित्यांचा आपला अनुभव काय आहे, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

नमुना मात्र आपल्या दाराशी आहे. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोदीत आणि बाजारात ओझी वाहणाऱ्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. माथाडीलाही कायमचा एक मालक नव्हता, तोही आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर. कायद्याने मंडळ उभे केले. मालकाची नोंद मंडळाकडे, कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत आणि वर लेव्ही, तिच्यातून भविष्य निर्वाह निधी आणि औषधोपचार. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे मिळाले ते हातावर माणूस वाहणारीला का मिळू नये? एजन्सीने घराकडून किती घेतले आणि बाईच्या हातात किती ठेवले हे मंडळाच्या वहीत दिसले, तर निम्मी लूट तिथेच थांबेल. रोग्यालाही हेच हिताचे आहे. बारा तासांनी बदली मिळालेली, शिकलेली, पोट भरलेली बाईच कूस वेळेवर बदलते.

इथे आपल्याच घरातली एक गोष्ट बोलली पाहिजे. आरक्षणाने नोकरी मिळालेला, निवृत्त झालेला आपला मध्यमवर्गही आता आईवडिलांसाठी अशी बाई ठेवतो. तिला साप्ताहिक सुट्टी किती जण देतात? महिना भरायच्या आत ती गेली तर पैसे कापणारे जयभीमवालेही मी पाहिले आहेत. आणि त्या बाईची सासू वस्तीत खाटेवर एकटी पडलेली असते, तिच्याजवळ शाळा बुडवून बसते दहा वर्षांची नात. बाईने दुसऱ्याच्या घरी दिलेल्या सेवेची किंमत ही पोर भरते आहे.

२०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी लागते. घरकामगार बाईची तक्रार प्रथमदर्शनी खरी वाटली तर सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवणे या समितीवर बंधनकारक आहे. सातारा आणि सांगलीतल्या महिला आघाड्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन समितीच्या सदस्यांची नावे आणि फोन लिहून आणावेत आणि वस्तीवस्तीत लावावेत. नोंदणीचे अर्ज कामगार कार्यालयातून आणून विहारात भरून घ्यावेत. आपल्या समाजात निवृत्त परिचारिका पुष्कळ आहेत, मिरजेत तर आहेतच. रविवारच्या वंदनेनंतर दोन तास त्यांनी कूस कशी बदलायची, नळी कशी धरायची, सुई कुठे टाकायची हे शिकवले तर त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. हिपॅटायटिसच्या लसीची मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.