भाड्याच्या घराला ब्लाइंड कशाला?



माझ्या माळ्यावर सध्या पाच ब्लाइंड गुंडाळून पडलेत. मुलाने पुण्यात वाकडला भाड्याने फ्लॅट घेतला तेव्हा मापाने करून घेतले होते, 14,000 रुपयांना. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने फ्लॅट विकायला काढला आणि डिपॉझिट देताना भिंतीच्या 20 भोकांचे म्हणून 8,000 कापले. मी बी.कॉम. आहे, हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. 22,000 भागिले 11. नुसत्या खिडक्या झाकायला महिन्याला दोन हजार! नव्या घराच्या खिडक्या चार इंच जास्त रुंद, त्यामुळे ब्लाइंड आले सांगलीला.

"आई, पडदे आता कोणी लावत नाही," असं सूनबाई तेव्हा म्हणाली होती. कोणी म्हणजे कोण? मोबाइलवर घर सजवून दाखवणाऱ्या मुली? त्यांची घरं स्वतःची असतात, किंवा निदान चित्रीकरणापुरती तरी.

तयार पडदा पाच, सात, नऊ फुटांचा मिळतो. भाडेकरूने डोळे मिटून सात फुटी घ्यावा. खिडकी लहान असली तर खालून दुमडून टीप मारायची, पुढच्या घरी उसवायची. विटला की त्याच्या पिशव्या होतात, मग पायपुसणं. (रेशमाचा मात्र नको. का ते आपल्या लोकांना सांगायला नको.) मापाने कापलेल्या ब्लाइंडचं दुसऱ्या घरी काहीच होत नाही.

पैशाचं एक वेळ सोडा. पट्ट्यांवर धूळ साठते, वरच्या खाचेत कोळी जाळी करतो, कुंभारीण मातीचं घर बांधते. पडदा गच्चीवर नेऊन हळूच झटकला की जीव आपल्या वाटेने जातो. ब्लाइंडच्या गुंडाळीत काय बसलंय ते दिसतच नाही. वाकडला एका सकाळी सूनबाईने दोरी ओढली आणि आत बसलेली पाल चिरडली. पोर दिवसभर नीट जेवली नाही. मीही तिला काही बोलले नाही, पण हे मनातून जात नाही.

त्या दोरीचंही ऐका. तिचा फास लहान मुलाच्या गळ्याभोवती बसू शकतो. ब्लाइंड असतीलच तर पाळणा किंवा पलंग त्या खिडकीखाली ठेवू नका, आणि दोरी उंचावर अडकवा.

"पण ऊन अडतं ना!" कुठलं अडतंय? ऊन काचेतून आत आलं की उष्णता घरात आलीच. गडद ब्लाइंड स्वतः तापतो आणि ती खोलीतच सोडतो. पश्चिमेचं ऊन काचेच्या बाहेरच थोपवावं लागतं. बाल्कनीच्या ग्रिलला सुतळीने बांबूची चिक बांधा, एकही भोक लागत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी इमारतीच्या शोभेबद्दल कुरकुरले तर त्यांना एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता चहाला बोलवा. शिवाय आमच्याकडे अंथऊ दिवस मावळायच्या आत. ब्लाइंड ओढलेल्या हॉलमध्ये पाचलाच दिवे लागतात, आणि पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात ते वेगळेच.

एक मान्य करते. घरून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला पट्ट्या तिरप्या करून उजेड वळवता येतो, ती सोय पडद्यात नाही. त्या एका खोलीला लावा. बाकीच्या घराला नको.

माझा खरा राग मात्र मालकांवर आहे. खिडक्या उघड्या द्यायच्या, वर "भिंतीला खिळा मारायचा नाही" असं करारात लिहायचं. मग भाडेकरूने काय काचेला वर्तमानपत्र चिकटवायचं? आमचाही एक लहान फ्लॅट भाड्याने आहे. मी प्रत्येक खिडकीवर एकदाच पाइप बसवून घेतले. तीन भाडेकरू झाले, प्रत्येकाने आपले पडदे आणले, आपले नेले. भिंत जशीच्या तशी. हा खर्च मालकाचाच, कारण भिंत त्याची आहे. तुम्ही भाड्याने घर बघाल तेव्हा भाडं ठरायच्या आधी हे बोलून घ्या, एकदा सही झाली की कोणी ऐकत नाही. आणि आधीची भोकं असतील तर चावी घेतानाच फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

माळ्यावरचे ब्लाइंड 46 इंच रुंद, 51 लांब आहेत. रंग राखाडी. कोणाची स्वतःच्या घराची खिडकी तेवढी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. गुंडाळी मी उलगडून, आत कोणी नाही ना ते बघून देईन.