पाहुण्याच्या भाकरीचाही हिशेब मांडा



मेळघाटात फिरायला आलेल्या शहरी माणसाला कोलकासला, सिपना नदीच्या काठी, वनखात्याच्या विश्रामगृहात खोली मिळाली की तो खूश होतो. पुढे ओसरी आणि समोर सागाचे जंगल, एवढ्यासाठी तो पैसे मोजतो. अशी ओसरी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आमच्या कित्येक भावांच्या जुन्या घरालाही आहे.

२०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. ते ऐकून कोणी कर्ज काढून सिमेंटचा बंगला बांधायला निघाला असेल, तर त्याने थांबावे. सिमेंटला कंटाळूनच तर पाहुणा इकडे येतो. सारवलेल्या दोन खोल्या, फेरलेले कवेलू, स्वच्छ संडास, प्यायला चांगले पाणी आणि चुलीवरची ज्वारीची भाकरी त्याला पुरते.

आमचे खरे सांगणे पुढेच आहे. कापसाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, असे आपण सरकारला सांगत आलो. खोलीचे भाडे ठरवताना मात्र ती मजुरी आपणच विसरतो. पहाटे पाणी तापवणारी, रात्री उशिरा पुन्हा तवा चढवणारी घरची बाई हिशेबात कुठेच नसते. दरसालची डागडुजी नसते, खोली रिकामी गेली ते दिवसही नसतात. मग धंदा चालतो आणि घर बुडते.

अगत्य फुकट असावे, श्रम फुकट नसावेत. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावे, मग भाव सांगावा. सांगताना मान खाली घालू नये.