पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

चवदार तळे म्हटले की 20 मार्च 1927 चा दिवस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेल्या त्या पाण्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो, आणि ते केलेच पाहिजे. परंतु त्याच तळ्यासाठी दुसरी एक लढाई न्यायालयात जवळजवळ दहा वर्षे चालली, तिचा उल्लेख आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच होतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. थोडक्यात, धर्माचा वाद त्यांनी मालमत्तेचा वाद म्हणून न्यायालयात नेला. हा दावा महाडहून ठाण्यास आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. 17 मार्च 1937 रोजी अखेरचा निकाल लागला. वादींना आपली अनादी वहिवाट सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी पुन्हा एकदा वाचावे. सिद्ध करावयाचे होते ते त्यांना, आपल्याला नव्हे. आणि हे घडू शकले, कारण त्या दाव्यातील प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होते. आज महाराष्ट्रातील खेड्यात आपल्या माणसाच्या जमिनीवर कोणी नांगर घातला तर त्याच्या बाजूने कोण उभे राहते? पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते? माझा सवाल एवढाच आहे, आणि तो सरकारइतकाच परदेशस्थ आंबेडकरी संघटनांनाही आहे.

महार वतनाचे उदाहरण घेऊ. 1958 च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने वतन गेले, सेवेचे जोखड गेले, आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारास जमीन नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ती जमीन हस्तांतरित करता येत नाही. दुबळ्याची जमीन बळकटाने गिळू नये, हा या शर्तीचा अर्थ. मग जमिनी गेल्या कशा? कोठे रक्कम भरावयाची मुदत आहे हेच कोणी सांगितले नाही. कोठे लग्नासाठी वा आजारपणासाठी घेतलेल्या पैशांपोटी कोऱ्या कागदावर अंगठा घेतला गेला. कोठे मुंबईच्या गिरणीत गेलेल्या भावाच्या माघारी कुलमुखत्यारपत्र उभे राहिले. फेरफाराच्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घ्यावयाची असते. परंतु जो नोटीस वाचू शकत नाही, त्याला पंधरा दिवस काय आणि पंधरा वर्षे काय!

नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे 40 एकर महार वतन जमिनीचा 300 कोटींचा व्यवहार देशभर गाजला. गुन्हे दाखल झाले, चौकशी समिती नेमली गेली. चर्चा मुख्यतः चालली ती बुडालेल्या मुद्रांक शुल्काची आणि सत्ताधाऱ्यांच्या नातेसंबंधांची. ज्यांच्या नावाने ते वतन होते, त्या कुटुंबांच्या कागदांवर सह्या कोणी, केव्हा आणि काय सांगून घेतल्या, हा प्रश्न मात्र कोपऱ्यात पडला.

आता आपण ज्या देशात राहतो त्या जर्मनीकडे पाहू. येथे घर वा जमीन घेणाऱ्या आपल्या बांधवांना ठाऊक आहे की नोटारसमोर गेल्याशिवाय विक्रीचा करारच कायदेशीर होत नाही. नोटारने संपूर्ण दस्त दोन्ही पक्षांना मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. ज्याला जर्मन कळत नाही त्याच्यासाठी त्याचे भाषांतर करावे लागते. मालकीची नोंद ग्रुंडबुख या न्यायालयीन नोंदवहीत होते आणि तिच्यावर भिस्त ठेवता येते. आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, विकणाऱ्याच्या मालकीची खात्री करणे हे त्याचे काम नाही. आणि सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. जर्मनीत 1981 पासून अल्प उत्पन्नाच्या माणसाला न्यायालयाकडून सल्ल्याचे पत्र मिळते. ते घेऊन तो वकिलाकडे जातो, आणि आज त्यासाठी त्याला फार तर 15 युरो द्यावे लागतात. गरिबाला कायद्याचा सल्ला मिळणे ही येथे दया नाही, तो हक्क आहे.

मी या देशाची आरती ओवाळीत नाही. याच देशात 1933 नंतर ज्यूंची दुकाने, कारखाने आणि घरे कवडीमोलाने हिरावली गेली, आणि त्यांतील कितीतरी व्यवहारांवर रीतसर सह्या व शिक्के होते. कागद बिनचूक होता. अन्याय कागदाच्या आत होता. म्हणूनच 1947 साली अमेरिकन विभागात झालेल्या कायदा क्रमांक 59 ने एक मोलाचे तत्त्व मांडले. छळ झालेल्या माणसाने त्या काळात केलेली विक्री जबरदस्तीची आहे असेच गृहीत धरावे. किंमत रास्त होती आणि विकणारा मुखत्यार होता, हे घेणाऱ्याने सिद्ध करावे. दोन इतिहास सारखे आहेत असे मला म्हणावयाचे नाही. परंतु तत्त्वाला पारपत्र लागत नाही. महाराष्ट्रानेही 1974 च्या कायद्याने आदिवासींच्या बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. मग वतन जमिनीच्या बाबतीत घेणाऱ्याने पुरावा द्यावा, असे म्हणताना आपली जीभ का अडखळते?

काही विद्वान मित्र म्हणतात, वतन ही गुलामीची निशाणी होती, बाबासाहेबांनाच ते नको होते, मग त्या जमिनीचा मोह कशाला? हा युक्तिवाद ऐकून खेद होतो. मार्च 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक मांडले ते सेवेतून सुटका व्हावी आणि जमीन पूर्ण आकारणीवर वतनदाराकडेच रयतावा म्हणून राहावी यासाठी. बेडी तोडावयाची होती, हात नव्हे! दुसरे म्हणतात, परदेशस्थ संघटनांचे काम सांस्कृतिक आहे, कोर्टकचेरी आपले क्षेत्र नव्हे. पुतळ्याला आणि विहाराला आपण देणगी देतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या गावात विहार उभा राहतो त्याच गावातील माणूस आपल्या बांधावरून हुसकला जात असेल, तर ती संस्कृती कोणाची? मी व्यवसायाने वैद्य आहे. रोग जुना झाल्यावर मोठ्या शस्त्रक्रियेस पैसे देणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले. वेळेवर साधी तपासणी करून घेणारे थोडे. खाजगी जमिनीवर दुसऱ्याचा उघड प्रतिकूल कब्जा बारा वर्षे टिकला की मूळ मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. मग भाषणे करून काय उपयोग?

कायदा नाही असे नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम 12 अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क देते, आणि त्यासाठी तालुका पातळीवर समिती असते. आपल्या जमिनीवर बेकायदा कब्जा करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे किती गावांत माहीत आहे? कायदा पुस्तकात आहे. वाट दाखविणारा माणूस गावात नाही.

म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे. प्रत्येक संघटनेने वार्षिक निधीचा ठराविक हिस्सा कायदेशीर मदतीसाठी राखावा. परकीय नागरिकत्व घेतलेल्यांनी 2010 च्या परकीय अंशदान कायद्याचे बंधन पाळून तो योग्य मार्गाने पाठवावा. त्यातून तालुक्याच्या ठिकाणी आपल्याच तरुण वकिलांना मानधन द्यावे. त्यांनी गावोगावचे सातबारे, फेरफार आणि जमीन परत दिल्याचे आदेश गोळा करावेत, मोजणी मागवावी, मुदती सांभाळाव्यात आणि माणसाला हाताला धरून विधी सेवा समितीपर्यंत न्यावे. सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येकाने निदान स्वतःच्या भावकीचे कागद पाहून यावेत. आणि वतन जमिनीच्या व्यवहारात पुराव्याचे ओझे घेणाऱ्यावर टाकणारा कायदा करावा, ही मागणी आपण एकमुखाने शासनाकडे लावून धरावी.

1921 साली बाबासाहेबांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. परंतु त्यांनी परदेशात कमावलेली विद्या महाडच्या दिवाणी न्यायालयात कामास आणली, हे विसरून केलेला अभिमान पोकळ आहे. आपण येथे कमावलेल्या पैशाला आणि प्रतिष्ठेलाही अखेर तोच हिशेब द्यावा लागेल.

जय भीम!