झाडं किती, त्याहीपेक्षा झाडं कुठे?



एक बातमी वाचून आपण हैदराबादकर मनापासून सुखावलो होतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार आपल्या शहराचं वनाच्छादन दहा वर्षांत ३३.१५ चौरस किलोमीटरवरून ८१.८१ वर गेलं. सात महानगरांत सर्वाधिक वाढ आपली! मग मे महिन्यात सुलतान बाजारात सावली का सापडत नाही?

याचं उत्तर मोजणीत आहे. तिथे वनाच्छादन म्हणजे किमान एक हेक्टरचा आणि दहा टक्के तरी झाडांनी झाकलेला तुकडा. केबीआर उद्यान त्यात येतं, गल्लीतला एकटा कडुनिंब येत नाही. १९०८ च्या मुसीच्या पुरात ज्या चिंचेवर चढून दीडशेवर लोक वाचले असं सांगतात, तसं एखादं झाडही एकट्याने या हिशेबात बसत नाही.

माझी आई काचीगुड्याला राहते. उन्हाळ्यात देवळात जायचं तर ती दिवस मावळायची वाट बघते. शहराबाहेर मोकळ्या जागेवर हजार रोपं लावणं सोपं, आकडाही वाढतो. आईच्या वाटेवर मात्र ऊन तसंच राहतं.

म्हणून हवा तो वॉर्डावॉर्डाचा नकाशा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या मोफत चित्रांत हा फरक मोजता येतो. गवतही हिरवंच दिसतं, तेव्हा प्रत्यक्ष फिरून खात्री करायची. लँडसॅटच्या चित्रांवरून जमीन कुठे किती तापते ते कळतं. त्यावर लोकवस्ती मांडली, की झाडं कमी, ताप जास्त आणि माणसं दाट अशी ठिकाणं समोर येतात. पहिली रोपं तिथे.

मुलांनो, सुट्टीत हे करून बघा. आय-ट्री कॅनोपी हे मोफत साधन आपल्या भागाच्या हवाई चित्रावर कुठेही ठिपके टाकतं. शंभरपैकी किती ठिपके झाडावर पडले ते मोजा. बारा पडले, तर छाया साधारण बारा टक्के. डच संशोधक सेसिल कोनाइनेंडाइक यांचा ३-३०-३०० नियम सांगतो: घरातून तीन झाडं दिसावीत, वस्तीवर तीस टक्के छाया असावी आणि बाग तीनशे मीटरच्या आत असावी.

अरुंद गल्लीत खड्ड्याला जागा नसेल, तर शाळेचं आवार, देवळाचं अंगण, बसथांबा बघा. पावसाळ्याआधी तो नकाशा घेऊनच वॉर्ड कार्यालयात जा. आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, तेही आधीच ठरवा.