सोमवार चालतो, गोळी चालत नाही

आमच्या गोव्यात पानावर बसताना एखाद्याने "आज माझा सोमवार" एवढेच म्हटले की विषय संपतो. यजमानीण हुमणाचे भांडे मुकाट्याने पुढच्या पानाकडे नेते, आतून शिवराक भाजी येते. "एक तुकडा खाल्ल्याने काय होणार आहे?" असे कोणी विचारत नाही. सोमवार का धरला, कधीपासून धरला, देवाला खरेच कळते का, असले प्रश्न कोणाच्या तोंडी येत नाहीत. हा आमचा सुसंस्कृतपणा, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता त्याच घरात, त्याच माणसाने संध्याकाळी ग्लास बाजूला सारून "मला नको, माझ्या किडनीच्या गोळ्या चालू आहेत" असे सांगून पाहावे. "इल्ली घे मरे, कितें जातलें?" हे ठरलेले वाक्य. मग "हुर्राक तर आहे, दारू थोडीच आहे!" मग "आमच्या काकाला डॉक्टरनेच सांगितलं होतं, बिअर घे म्हणजे किडनी साफ होते." आणि शेवटचे ब्रह्मास्त्र: "एवढं जपून काय वर नेणार आहेस?" देवासाठी सोडले तर एका शब्दात मान्य आणि जिवासाठी सोडले तर तीन तीन वेळा आग्रह, हा कुठला न्याय?

मी दारूबंदीवाला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. एप्रिल लागला की मलाही हुर्राकाची आठवण होते, आणि काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मलाही बरे वाटले होते. फेणी आमच्या मातीतली आहे, यात वाद नाही. वाद आहे तो टेबलावरच्या डॉक्टरांशी.

पण त्याआधी दुसऱ्या एका जमातीचा समाचार घ्यायला हवा. माझ्या टेबलावरून वैद्यकीय बिलांच्या फायली जातात. डायलिसिसचे बिल आले की शेजारच्या खुर्चीवरून शेरा ठरलेला: "पीत असणार." नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, निकाल मात्र तयार. माझ्या दादाबद्दलही अख्ख्या वाड्याने हेच म्हटले. दादा वर्षातून चार-पाच वेळा घेणारा माणूस. त्याच्या किडन्या गेल्या त्या रक्तदाबामुळे. तो वर्षानुवर्षे वाढलेला होता आणि कोणी मोजलाच नव्हता. आपल्या देशात किडनी निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह आणि रक्तदाब पहिल्या रांगेत आहेत. बेसुमार पिण्याने रक्तदाब वाढतो आणि त्या वाटेने किडनीलाही झळ लागते, हे खरे. पण प्रत्येक किडनीच्या रुग्णाला दारुडा ठरवणारे लोक यकृत आणि किडनी यांत गल्लत करतात. आणि आमच्या काणकोणचे काय? त्या तालुक्यात गेली कित्येक वर्षे किडनीच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडत आले आहेत. संशोधकांनी तिथल्या भूजलातील सिलिका आणि शिसे यांच्याकडे बोट दाखवले आहे, शेवटचा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही. तिथे विहिरीचे पाणी पिऊन आजारी पडलेल्या बाईलाही तुम्ही "पीत असणार" म्हणणार काय?

गंमत म्हणजे हे दोन्ही शेरे मारणारे लोक पुष्कळदा एकच असतात. माणसाच्या पाठीमागे "पिऊन पिऊन घालवल्या" आणि समोर आला की "इल्ली घे".

आता टेबलावरच्या डॉक्टरांकडे वळतो. पहिला दावा, हुर्राक हलका. साधे त्रैराशिक मांडून पाहू. हुर्राकात अल्कोहोल साधारण 15 टक्के. घरी आपण हुर्राक पेगने मोजत नाही, पाण्याच्या ग्लासात ओततो. 200 मिली हुर्राक धरला तर त्यात 30 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे 24 ग्रॅम. फेणी 42 टक्क्यांच्या आसपास, तिच्या 60 मिलीत होतात सुमारे 20 ग्रॅम. म्हणजे ज्याला आपण बायकामुलांचे सरबत म्हणून हसतो, त्याचा एक ग्लास फेणीच्या मोठ्या पेगपेक्षा जास्त भरतो. वर लिंबाचा सोडा, उभी चिरलेली मिरची आणि मीठ. ते मीठ विसरू नका, त्याच्याकडे परत येणार आहे.

दुसरा दावा, बिअरने किडनी साफ होते. बिअर प्यायल्यावर लघवीला जास्त होते, यावरून कोणीतरी हा शोध लावला असावा. होते काय, तर शरीरातले पाणी धरून ठेवायला सांगणारे एक संप्रेरक असते, ते दारूमुळे दबते. पाणी बाहेर जाते आणि माणूस आतून सुकतो. यात साफसफाई कसली? किडनी म्हणजे काही गटार नव्हे, बादलीभर पाणी सोडले की मोकळे व्हायला.

आणि डायलिसिसवरच्या माणसाची गोष्ट तर अगदी उलटी. त्याला लघवीच होत नाही किंवा फार थोडी होते. आदल्या दिवशी जेवढी झाली तेवढी अधिक अर्धा लीटर, असा पाण्याचा हिशेब त्याला साधारणपणे घालून दिलेला असतो. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचे पाणीही आले. बिअरची मोठी बाटली 650 मिलीची. एका बाटलीत त्याचा दिवसभराचा कोटा संपला, आणि सोबतच्या खारवलेल्या शेंगदाण्यांनी, सुक्या बांगड्याने, हुर्राकातल्या त्या मिठाने तहान वाढली ती वेगळीच. जास्तीचे पाणी जाणार कुठे? आधी पायांत, मग फुप्फुसांत. रात्री दोन वाजता उशीला टेकून न बसता श्वास घेता न येणारा माणूस ज्याने पाहिला आहे, तो पुन्हा कोणाला "इल्ली घे" म्हणणार नाही. कोणी फार प्रेमाने "बरं, फेणी शहाळ्याच्या पाण्यातून घे, पौष्टिक असतं" म्हणतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात फार साचले तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे त्या ग्लासात फेणीपेक्षा शहाळेच आधी दगा देण्याची शक्यता!

नवी किडनी बसवली की यातले पाण्याचे बंधन सुटते, उलट पाणी भरपूर प्या म्हणतात. पण गोळ्यांचे बंधन सुरू होते, ते जन्मभराचे. शरीर परकी किडनी ओळखते आणि तिच्यावर चालून जाते. त्याला आवरून धरायचे काम टॅक्रोलिमससारख्या औषधांचे. दादाच्या कॅप्सूल सकाळी नऊला आणि रात्री नऊला. रक्तातले प्रमाण कमी झाले तर शरीर किडनी नाकारू लागते आणि जास्त झाले तर तेच औषध त्याच किडनीला इजा करते. म्हणून तर पुन्हा पुन्हा रक्त तपासायचे. डॉक्टरांनी ग्रेपफ्रूट वर्ज्य सांगितले आणि त्याच कुळातले म्हणून आपले पपनसही. झाले! तेव्हापासून चवथीच्या माटोळीचे पपनस उतरवून सोलले की दादाच्या वाट्याला कोणी फोड ठेवत नाही. लहान पोरांनाही ठाऊक आहे. एका फळाचे एवढे कळते आम्हाला!

माझाही अपराध इथेच सांगून टाकतो, नाहीतर ही सगळी बडबड दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून केल्यासारखी होईल. दादाला किडनी दिली वहिनीने. (आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. त्यावर वेगळे लिहायला हवे.) शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या एप्रिलमध्ये नात्यातल्या एका मुंजीला आम्ही सगळे जमलो. संध्याकाळी अंगणात बैठक बसली. दादा कोकमाचे सरबत घेऊन एका टोकाला बसला होता. कोणीतरी म्हणाले, "तुमचा भाऊ आमच्यात बसत नाही वाटतं, मोठा झाला." सगळे हसले. त्या हसण्याची मला लाज वाटली आणि मी माझ्या हाताने ग्लास भरून दादाच्या पुढे केला. म्हटले, "तीन वर्षं झाली रे, आता एकाने काय होतंय?" त्याने माझ्याकडे पाहिले, ग्लास घेतला. नंतर आणखी एक.

रात्री त्याला उलटी झाली. नऊची कॅप्सूल उशिरा घेतली होती, ती त्यात गेली की राहिली ते त्याला कळेना. अशा वेळी डॉक्टरांना फोन करून विचारायचे असते. त्याने केला नाही. सांगायचे काय? सकाळी डोके दुखत होते तर मुंजीच्या घरातल्या कोणीतरी अंगदुखीची गोळी दिली, त्याने ती घेतली. ही वेदनाशामके किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसतात, हे त्याला पक्के माहीत होते. पण ज्याने रात्र लपवली त्याला सकाळही लपवावी लागते.

पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. त्या रात्रीमुळे वाढले का? डॉक्टरांनी तसे म्हटले नाही, मीही म्हणत नाही. औषधांत बदल झाले, दोन महिन्यांनी आकडा जवळजवळ जागेवर आला. पण डॉक्टरांनी "मधल्या काळात काही वेगळं घडलं का?" असे विचारले तेव्हा दादा "नाही" म्हणाला आणि शेजारी बसलेला मीही गप्प राहिलो. वहिनी आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती.

म्हणून माझे भांडण फक्त आग्रह करणाऱ्यांशी नाही, तपासणीच्या खोलीतल्या त्या एका प्रश्नाशीही आहे. "दारू घेता?" हे बायकोसमोर, दाराबाहेर पन्नास माणसे ताटकळत असताना, कागदावरून मान वर न करता विचारले तर उत्तर "नाही" हेच येणार. आणि "नाही" म्हटले की पुढचे सगळे बंद. गोळी किती वाजता, उलटी झाली तर काय करायचे, इन्शुलिन घेणाऱ्याची साखर रात्री एकदम खाली जाऊ शकते ती कशी ओळखायची, यातले काहीच सांगितले जात नाही. सगळ्या रुग्णांना एकच उत्तर नसते, हेही मला कळते. किडनी बदललेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या एखाद्याला त्याचे डॉक्टर क्वचित एखाद्या पेगची मुभा देतातही. दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या टॅक्रोलिमसच्या काही प्रकारांबाबत मात्र दारूबरोबर घेऊ नये, असे माहितीपत्रकातच लिहिलेले असते. म्हणजे हा ज्याच्या त्याच्या गोळीचा, साखरेचा, रक्तदाबाचा हिशेब आहे. तो माणूस आणि त्याचा डॉक्टर यांनी मांडायचा. मुंजीच्या अंगणात बसलेल्या मेव्हण्या-साडवांनी नव्हे, आणि भावानेही नव्हे.

कोणी म्हणेल, थोडी घेणाऱ्यांच्या किडन्या न घेणाऱ्यांपेक्षा वाईट नसतात, असे पाहण्या सांगतात. सांगतात, खरे आहे. पण न घेणाऱ्यांच्या त्या रांगेत आजारपणामुळे सोडलेलेही उभे असतात, मग ती रांग रोगट दिसणारच. शिवाय त्या पाहण्या मुख्यतः धडधाकट माणसांच्या. 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तर दारूचे कोणतेच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट सांगून टाकले. तुम्ही-मी ते ऐकून खांदे उडवू. आमच्याकडे खर्चायला दोन किडन्या आहेत. दादाकडे एक आहे, तीही वहिनीची.

हे वाक्य मी एकदा वहिनीसमोर बोललो, तर ती चिडली. म्हणाली, "माझी कशाला? दिली ती दिली. मी काय त्याच्यावर पहारा करायला दिली नाही, जगावा म्हणून दिली." त्या रात्रीचे तिला सगळे माहीत होते, हेही मला तेव्हाच कळले. उलटीचा टॉवेल तिनेच धुतला होता.

येत्या मे महिन्यात भाचीचे लग्न आहे. बैठक बसणार, हे ठरलेलेच. मी दादाच्या शेजारी बसणार आहे. माझ्यासमोर ग्लास असेल. त्याच्यासमोर काय असावे हे तो ठरवील, आणि कोणी "इल्ली घे" म्हटले तर "त्याचा सोमवार आहे" असे मी सांगणार आहे, लग्न रविवारी असले तरी. रात्री नऊला त्याच्या खिशातल्या फोनचा गजर वाजतो. बँडवाल्याला मी आत्ताच सांगून ठेवले आहे, नऊला पाच मिनिटे थांब म्हणून. तो म्हणाला, मुहूर्त आहे का? म्हटले, हो.