हुरडा, हळदीकुंकू आणि गोल्फ

चिखलीत गोल्फ कोणी खेळत नाही. कारण उघड आहे. अठरा भोकांच्या मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन लागते आणि ती बारमाही हिरवीगार ठेवायला पाणी लागते. आमच्या तालुक्यात कोणाकडे एका जागी शंभर एकर असतेच, तर त्याने त्यात सोयाबीन पेरले असते; आणि पाणी असते, तर आधी घरच्या घागरी भरल्या असत्या. तरीही यंदाच्या दिवाळी अंकात मी या खेळावर लिहायला बसले आहे. त्याचे कारण खेळ नव्हे, नोकरी आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एक लहानसा कडक चेंडू, पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या आणि दूरवर झेंडा रोवलेले एक भोक. कमीत कमी टोल्यांत चेंडू त्या भोकात घालायचा आणि पुढच्या भोकाकडे चालू लागायचे. अशी भोके अठरा. बहुधा चौघे मिळून खेळतात आणि चार तास सहज जातात. आता गंमत पाहा. या चार तासांत चेंडूला काठी लागते ती सारी मिळून काही मिनिटे. बाकीचा वेळ चालणे आणि बोलणे! क्रिकेटमध्ये एक सीमारेषेवर तर दुसरा यष्टीमागे. टेनिसमध्ये दोघांच्या मध्ये जाळे. बुद्धिबळात तर बोलायचेच नाही. मोठ्या माणसाच्या बरोबरीने चार तास, फोन बाजूला ठेवून, गप्पा मारीत चालण्याची सोय गोल्फइतकी दुसऱ्या कोणत्याच खेळात नाही.

शिवाय यात ‘हँडिकॅप’ नावाची एक युक्ती आहे. कच्च्या खेळाडूला ठरावीक टोल्यांची सूट मिळते. त्यामुळे मुरलेला संचालक आणि नवशिका अधिकारी एकाच डावात बरोबरीने खेळू शकतात. आणि घरगुती डावात पंच नसतो. आपले टोले आपणच मोजायचे. झुडपात गेलेला चेंडू कोणी पायाने हळूच पुढे सरकवला, तर बरोबरचा माणूस काही बोलत नाही. पण पुढे त्याच्याशी भागीदारी करताना तो दोनदा विचार करतो. व्यापारी लोक या खेळाला का भुलले, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्या देशात हा खेळ साहेबाने आणला. कलकत्त्याचा क्लब 1829 सालचा आणि मुंबईचा 1842 चा. त्या काळच्या साहेबी क्लबांत एतद्देशीयांना पायरी चढण्याची बहुधा बंदीच. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हिंदी पाहुण्याला एका गोऱ्या क्लबाने दारातूनच परत पाठवले आणि त्या रागातून 1918 साली त्यांनी सर्वांसाठी विलिंग्डन क्लब काढला, अशी आख्यायिका सांगतात. पुढे 1927 साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. पुण्यात येरवड्याचे मैदान आहे. नाशिकचे गोल्फ क्लब मैदान तर ज्याने 1909 साली कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली त्या हुतात्मा अनंत कान्हेऱ्यांच्या नावाने आज ओळखले जाते, आणि तेथे क्रिकेटचे सामने होतात. काळाने घेतलेला याहून मोठा टोला मला तरी ठाऊक नाही.

पण आम्ही वऱ्हाडकरांनी साहेबाला हसू नये, कारण आमचाही गोल्फ आहे. त्याचे नाव हुरडा. थंडी पडली की शेतावर गोवऱ्यांची आगटी पेटते, कोवळी कणसे भाजली जातात, ती हातावर चोळून दाणे पुढे केले जातात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आमंत्रण घरच्यांना असते, तसेच बँकेच्या मॅनेजरला, कृषी केंद्राच्या मालकाला आणि एखाद्या साहेबालाही असते. खाटेवर बसलेल्या पाहुण्याला कोणी कर्जाचे विचारीत नाही. “आणखी घ्या साहेब, हा गरम आहे,” एवढेच. कामाचे बोलणे चार दिवसांनी कचेरीत होते. ज्वारी मागे पडून सगळीकडे सोयाबीन झाल्यापासून हौशी लोक मुद्दाम हुरड्यापुरती चार ओळी ज्वारी पेरतात. कोणी सांगावे, उद्या त्यालाही मेंबरशिप लागेल!

मराठीत या व्यवहाराला दोन शब्द आहेत, ‘ओळख’ आणि ‘वशिला’. ओळख आपली घरची. वशिला अरबीतून आला. ओळखीने माणूस कळतो, वशिल्याने माणूस ढकलला जातो. दोहोंमधले अंतर बोटभर आहे, पण माणसाची अब्रू त्या बोटभर जागेतच राहते. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, लोकांना नोकऱ्या कशा मिळतात, याचा अभ्यास केला. 1973 च्या त्याच्या निबंधातला निष्कर्ष गमतीदार आहे. ओळखीतून ज्यांना नोकरी मिळाली, त्यांतल्या बहुतेकांना तिची खबर जिवलग मित्राकडून मिळाली नव्हती; ती क्वचित भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसाकडून मिळाली होती. कारणही साधे आहे. जिवलगांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या माणसाकडूनच येते. गोल्फ म्हणजे अशी दूरची माणसे मुद्दाम जवळ आणण्याची सोय आहे.

येथवर सारे ठीक. प्रश्न आहे तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. तीन एकरवाल्याची ही मुलगी चिखलीहून पुण्यास गेली आणि आज एका मोठ्या कंपनीत आहे. परवा तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाली, “मॅडम, एक विचारू? मी गोल्फ शिकू का?”

“आवडतो का तुला?”

“पाहिलाही नाही जवळून. पण आमचे साहेब रविवारी जातात. माझ्या बरोबरीचे दोघे त्यांच्यासोबत जातात. सोमवारी मीटिंगमध्ये मी तोंड उघडायच्या आत काम कोणाला द्यायचे ते ठरलेले असते. माझे काही चुकत नाही, मॅडम. मी फक्त रविवारी तेथे नसते.”

“मी फक्त रविवारी तेथे नसते.” हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. ही एकटीची तक्रार नाही. ज्या अमेरिकेतून ही व्यापारी गोल्फची टूम जगभर गेली, तेथल्या ऑगस्टा नॅशनल या नामांकित क्लबाने पहिल्या स्त्री सभासदांना घेतले ते 2012 साली. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा 1754 सालचा रॉयल अँड एन्शंट क्लब. त्याने स्त्रियांना दार उघडण्याचा ठराव केला 2014 साली, म्हणजे 260 वर्षांनी! आमच्याकडेही पानाची टपरी, पारावरचा कट्टा आणि हुरड्याची आगटी येथे बायका कितीशा दिसतात? आमच्या वाट्याला हळदीकुंकू आणि भिशी. तीही काही कमी नव्हेत. भिशीच्या पैशांवर शिलाई मशीन आलेली आणि हळदीकुंकवात मुलांच्या शिकवण्या मिळालेली घरे मी पाहिली आहेत. पण पगारवाढीचा आणि बढतीचा निर्णय हळदीकुंकवात होत नाही, आणि हळदीकुंकवातही सगळ्याच बायकांना बोलावणे असते असे कोठे आहे? विधवेला आम्ही कैक वर्षे दारातच ठेवले. कुंपण घालण्याची विद्या काही साहेबाने एकट्यानेच शोधली नाही.

आणखी एक माणूस या मैदानावर असतो, तो म्हणजे पिशवी वाहणारा कॅडी. सगळे सौदे त्याच्या कानांवरून जातात. त्यातले त्याला काही मिळत नाही. पण दिल्लीच्या मैदानावरचा अली शेर नावाचा असाच एक कॅडी पुढे व्यावसायिक खेळाडू झाला आणि त्याने 1991 साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. तो ओळखीने जिंकला नाही, टोल्याने जिंकला. खेळाची ही बाजू मला खरी वाटते.

मग मुलीला काय सांगितले? शीक, म्हटले. सरावाच्या मैदानावर चेंडूंची टोपली भाड्याने मिळते, तेथे महिनाभर जाऊन पाहा. आवडला तर खेळ. उघड्या हवेत चालणे काही वाईट नाही. पण दोन गोष्टी सांभाळ. साहेबाला खूश करायला मुद्दाम हरू नकोस. साहेब मूर्ख नसेल तर त्याला कळेल, आणि मूर्ख असेल तर त्याची मर्जी घेऊन करायचे काय? आणि दुसरे म्हणजे, सोमवारी मीटिंगमध्ये विचार की हे काम कोणत्या कसोटीवर दिले. भांडू नकोस, नुसते विचार. दोनतीनदा विचारलेस की उत्तर तयार ठेवावे लागते. आणि उत्तर तयार ठेवावे लागले की रविवारचा कारभार थोडा तरी आवरता येतो.

आणि जे साहेब हे वाचत असतील त्यांनाही एक विनंती. खेळा, खुशाल खेळा. हुरड्याला जा, भिशी लावा. माणसाला माणूस कळायला चार निवांत तास हवेतच. पण काम देण्यापूर्वी, जो त्या चार तासांत नव्हता त्याचीही चौकशी करा. कदाचित त्याला बोलावणेच नव्हते. कदाचित त्या वेळी तो आजारी आईला घेऊन दवाखान्यात बसला होता. कदाचित ती घरचा स्वयंपाक उरकत होती.

दिवाळीत आपण शेजारी फराळाचे ताट पाठवतो आणि शेजारीण ते रिकामे परत करीत नाही. या देवाणघेवाणीनेही संबंध जुळतात, कामेही होतात. यंदा ताट पाठवताना नेहमीच्या चार घरांपलीकडे आणखी एक घर धरावे. ज्या घरी आजवर आपले ताट गेले नाही, असे एखादे घर आपल्या आळीत असतेच.