आधी वहीत नोंद, मग कुणाकडे बोट



गेल्या महिन्याचा या पानावरचा लेख आम्हाला दोनदा लिहावा लागला. पहिल्यांदा लिहिताना शेवटचा परिच्छेद राहिला होता, तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला, इंग्रजीत दोन ओळी उमटल्या आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले. लेख गेला. लेख गेल्याचे फार दुःख नाही. पण त्या पंधरा-वीस दिवसांत आमच्या घरात जे घडले ते सांगण्यासारखे आहे, म्हणून यावेळचा विषय तोच.

आमचा कॉम्प्युटर २०१९ सालचा. त्यावर विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली, ही बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. आमच्या यंत्रावर विंडोज ११ चालू शकते असे तपासणीत दिसले, म्हणून २५ डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही ते चढवले. दोन तासांत काम झाले. फाइली जागच्या जागी, कार्यक्रम जागच्या जागी. आम्ही खूश.

या एकाच कॉम्प्युटरवर चार माणसांचे काम चालते. आमच्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या अब्बांचे हिशेब, अकरावीतल्या मुलाचा अभ्यास, आणि आमच्या धाकट्या बहिणीचे पोट. होय, पोटच. तिचे मियाँ गेल्यापासून ती लग्नपत्रिका कंपोज करून घर चालवते. निकाहच्या आणि दावत-ए-वलीमाच्या पत्रिका, एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी. रोज दुपारी ती आमच्याकडे येऊन बसते. रमजानच्या आधी शाबानमध्ये लग्नांची घाई असते, म्हणजे जानेवारी हा तिचा कमाईचा महिना.

२८ डिसेंबरला यंत्र पहिल्यांदा बंद पडले. मग एक दिवसाआड, मग रोज. ५ जानेवारीला तिची चार पानी पत्रिका जवळजवळ पूर्ण झाली असताना गेली. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होते. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "आपा, ॲडव्हान्स परत देऊन टाकते."

आता दोष कुणाचा? आम्हाला शोधावेच लागले नाही. २७ तारखेला मुलाने एक गेम टाकला होता आणि २८ ला यंत्र पडले. झाले! आम्ही त्याला कॉम्प्युटरला हात लावायची मनाई केली आणि गेम काढायला लावला. तरी यंत्र पडतच राहिले. तेव्हा आम्ही म्हणालो, "गेम गेला, पण व्हायरस ठेवून गेला." मुलगा म्हणाला, "अम्मी, तुम्ही वर्गात असं करता का? न विचारता शिक्षा?" आम्ही त्याला गप्प बसवले.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, सगळं साफ होईल." सगळे साफ म्हणजे बहिणीच्या सहा वर्षांच्या पत्रिकांचे नमुनेसुद्धा. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ही चूक मात्र नक्की आमची.

त्या रात्री मुलाच्या अब्बांनी एक साधी गोष्ट सांगितली. घरातला एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर आपण काय करतो? नुसता वर ढकलत राहत नाही. एकेक वस्तू काढून बघतो. इस्त्री काढली, तरी पडतो. गिझर काढला, थांबला. मग गिझरचा दोष. आणि एमसीबी पडतो तो घर वाचवण्यासाठी पडतो.

कॉम्प्युटरचेही तसेच आहे, हे आम्हाला नंतर समजले. साधा कार्यक्रम बिघडला तर तो एकटा बंद होतो. पण प्रिंटर, पडदा, यूएसबीला लावलेली वस्तू यांना चालवणारे जे छोटे कार्यक्रम असतात, त्यांना ड्रायव्हर म्हणतात, आणि त्यांतले बरेचसे यंत्रणेच्या गाभ्यात बसून काम करतात. तिथे गडबड झाली तर चुकीची माहिती फाइलींवर लिहिली जाऊ नये म्हणून विंडोज सगळे यंत्रच थांबवते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच पडले होते. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, ते त्याच दिवशी. तिथेही दोष गाभ्यात काम करणाऱ्या एका छोट्या भागाचाच होता.

तर आम्ही वही घेतली. दोनशे पानी, शाळेतलीच. चार रकाने आखले: तारीख-वेळ, त्या वेळी काय उघडे होते, कॉम्प्युटरला काय काय जोडलेले होते, आणि पडद्यावर काय लिहून आले. तिसरा रकाना मुलाने सुचवला. आम्हाला तो जरुरीचा वाटला नव्हता.

पण वहीच्या आधी एक काम केले. शिफ्टची कळ दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक केले की निळ्या पडद्यावर पर्याय येतात, त्यातून सेफ मोडमध्ये जाता येते. तिथे विंडोज फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन चालते. त्या अवस्थेत यंत्र दोन तास न पडता चालले. तेवढ्यात बहिणीचे सगळे नमुने, आमच्या प्रश्नपत्रिका आणि घरचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवले. सेफ मोडमध्ये यंत्र टिकते याचा अर्थही आम्हाला कळला: दोष बहुधा रॅम किंवा डिस्कचा नाही, बाहेरून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा असावा. तरी खात्री म्हणून विंडोजमधलीच मेमरी डायग्नॉस्टिक ही चाचणी रात्री लावली. रॅम ठीक निघाली.

७ ते १६ जानेवारी या दहा दिवसांत वहीत ९ नोंदी झाल्या. त्यांतल्या ६ दुपारच्या, बहिणीच्या कामाच्या वेळच्या. एक आमच्या टायपिंगच्या वेळची. दोन संध्याकाळच्या, मुलाचे अब्बा बातम्या वाचत असतानाच्या. मुलाच्या नावावर एकही नाही, कारण तो यंत्राजवळ फिरकतच नव्हता. १३ आणि १४ तारखेचा रकाना मात्र कोरा होता. त्या दोन दिवशी यंत्र एकदाही पडले नाही. तेव्हा बहीण मंगनीसाठी बाहेरगावी गेली होती.

वही समोर ठेवून आम्ही विचार करत बसलो. मुलाने तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. नवाच्या नऊ नोंदींत एक शब्द होता: डोंगल. बहिणीच्या कंपोजिंगच्या कार्यक्रमाला यूएसबीत लावायची एक छोटी चावी लागते, ती लावल्याशिवाय तो उघडत नाही. ज्या दिवशी आम्ही टायपिंग करत होतो आणि ज्या दोन संध्याकाळी अब्बा बातम्या वाचत होते, त्या दिवशी ती चावी घरी न्यायला विसरली होती. मंगनीला गेली तेव्हा ती तिच्या पर्समध्ये होती.

एवढ्यावर निकाल दिला नाही. एकदा घाई केली होती, पुन्हा नको. सर्चच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' असे टाइप केले की विंडोज दिवसवार एक तक्ता दाखवते. ज्या दिवशी बिघाड झाला तिथे लाल फुली असते. फुल्या आमच्या वहीशी जुळल्या. पहिली फुली २८ डिसेंबरला होती आणि त्या सुट्टीनंतर बहिणीने त्याच दिवशी काम सुरू केले होते. पडदा काळा होतो तेव्हा 'व्हॉट फेल्ड'च्या पुढे कधी कधी एका फाइलीचे नाव येते, ते मुलाने मोबाइलवर टिपून ठेवले होते. शोधले तर ती त्या चावीच्या ड्रायव्हरचीच फाइल, आणि तारीख २०१५ ची. विंडोज ११ च्या कितीतरी आधीची. अपग्रेड करताना जुने सामान जसेच्या तसे नव्या घरात आले, आणि त्यात हेही आले.

बहीण हे ऐकून रडवेली झाली. "म्हणजे हे सगळं माझ्यामुळेच?" मुलगा लगेच म्हणाला, "नाही खाला. चावी नीट आहे, तिचा ड्रायव्हर म्हातारा झालाय." जो न्याय आम्ही त्याला दिला नव्हता, तो त्याने खालाला दिला.

पुढचे काम अर्ध्या तासाचे होते. आधी रिस्टोअर पॉइंट तयार केला, म्हणजे काही बिघडले तर मागे जाता येईल. चावी काढून ठेवली, ॲप्सच्या यादीतून जुना ड्रायव्हर काढला, यंत्र पुन्हा सुरू केले, चावी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहून विंडोज ११ साठीचा नवा ड्रायव्हर घेऊन टाकला, आणि मगच चावी लावली. आज तीन आठवडे झाले. लाल फुली नाही. त्या गिऱ्हाइकाची पत्रिका दोन दिवस उशिरा का होईना, छापून गेली. ॲडव्हान्स परत द्यावा लागला नाही.

वाचकांपैकी कुणाच्या घरी अपग्रेडनंतर असेच होत असेल, तर या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, अपग्रेडच्या आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर काढा. काही कॉम्प्युटरची डिस्क कुलूपबंद असते आणि सेफ मोडमध्ये जाताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल तर आधीच कागदावर उतरवून ठेवा.

दुसरी, अपग्रेडनंतर साधारणपणे १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय असते. आम्हाला हे कळले तेव्हा मुदत संपली होती. तुम्ही पहिल्या आठवड्यातच डोळे उघडे ठेवा.

तिसरी, एका वेळी एकच बदल करा. रॅम बदलली, गेम काढला, ड्रायव्हर टाकला, सगळे एका दिवशी केले, तर कशाने बरे झाले हे कधीच कळत नाही, आणि दुखणे परत आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सेफ मोडमध्येही यंत्र पडत असेल तर मात्र रॅम, डिस्क, पंख्यातली धूळ आणि वीजपुरवठा तपासून घ्या. तिथे जाणकार माणूस लागतो.

चौथी, यंत्र जुने असेल आणि विंडोज ११ ला पात्र नसेल, तर जबरदस्तीने चढवू नका. विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची मुदतवाढ घेता येते.

पाचवी, पडद्यावर 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' असे आले तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' देणाऱ्या अनोळखी कार्यक्रमांपासूनही दूर राहा.

आता राहिली घरातली गोष्ट. उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना 'गुमान' आणि 'बदगुमानी' यांतला फरक सांगतो. फळ्यावर लिहितो, वाक्यात उपयोग करायला लावतो. वीस वर्षे शिकवतो आहोत. पण घरात यंत्र बंद पडले आणि आम्ही पहिल्या मिनिटाला आपल्याच मुलाबद्दल बदगुमानी केली. गेम २७ ला आला आणि यंत्र २८ ला पडले, एवढ्यावरून. एकापाठोपाठ एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नसते, हे विज्ञानाचे शिक्षक सहावीच्या मुलांना सांगतात.

मुलाची माफी मागितली. शब्दांत मागितली, नुसता आवडीचा पदार्थ करून नाही. तो म्हणाला, "जाऊ द्या अम्मी," पण दोन दिवस त्याने गेम परत टाकला नाही. तिसऱ्या दिवशी टाकला, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

ती वही आता कॉम्प्युटरच्या टेबलावरच असते. परवा कुकरची शिट्टी होईना, तेव्हा आमच्या तोंडून आले, "कुणी हात लावला होता?" मुलाने न बोलता वही पुढे सरकवली.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.